दोनशे अकरा चमचे

अडतीस अंश.
अंगात बारीक कणकण असावी तेवढी ऊब.
ती राखायची आणि घास भरवत राहायचे,
एवढीच माझी नोकरी;
रात्रपाळी, गुन्सानबाहेर, खाडीच्या भरावावर.
टाकीत जे राहतात त्यांना डोळे नाहीत, दात नाहीत,
हवेचं वावडं.
शहराचं खरकटं खातात
आणि जळणारा श्वास सोडतात.
त्या श्वासावर चार बस धावतात.

तक्रार करत नाहीत. फक्त फेस येतो.
फेस आला की समजायचं, कोणाचं तरी चुकलंय
तिकडे, अकराव्या मजल्याखालच्या अंगणात,
जिथे कार्ड टेकवलं की डब्याचं झाकण उघडतं
आणि एका बाईचा आवाज वजन सांगतो, ग्रॅमसकट.
काय टाकलंत, ते ती विचारत नाही.

नोव्हेंबरात किमची घालायचे दिवस.
घरोघरी कोबीचे ढीग, आमच्या वाट्याला बाहेरची पानं,
ट्रकमागून ट्रक, मिठात निथळणारी.
त्यांच्यासोबत गुलाबी रबरी हातमोजे.
यंत्राच्या दांड्याला पाची बोटं गुंडाळून बसतात,
कापून काढावे लागतात.
मोजे निदान दिसतात तरी.
मीठ चाळणीत अडकत नाही.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
आतले बिचारे जागत नाहीत, झोपतात.
तीन-तीन दिवस वायूचा काटा खाली.
मी पाणी वाढवतो, घास कमी करतो,
आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं
तसा काट्यासमोर बसतो.

पट्ट्यावर ओक-बुन. त्रेसष्ट वर्षांची, डाव्या हाताने झपाझप वेचणारी.
तिच्या डोक्यावर चुंबक.
चुंबक झाकणं उचलतं, सुऱ्या उचलतं, बॅटऱ्या उचलतं.
चमचे सगळे नाही.
चांगल्या पोलादाचा चमचा चुंबकाला दाद देत नाही.
स्वस्तातला पकडला जातो,
लग्नात आलेला सुटतो.

यंदा सात वर्षांनी टाकी उघडली.
आठवडाभर आत वारा सोडला,
मग पाठीवर हवा बांधून उतरलो.
तळाशी गुडघाभर वाळू. वाळू कसली,
शिंपल्यांचा चुरा, हाडं, अंड्यांची टरफलं,
पेरवरचं एक स्टिकर, सात वर्षं शिजूनही वाचता येणारं:
हमखास गोड.
आणि चमचे.

बे साहेब म्हणाला, भंगारात द्या.
ओक-बुन म्हणाली, मोजू तरी दे.
दोनशे अकरा.
कॅन्टीनचं जुनं पातेलं मागून तिने ते सोडा घालून उकळले,
दोनदा. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ निघालं.
एकाच्या टोकाला अस्वल, दांड्यावर दुधाच्या दातांच्या खुणा.
एकावर दीर्घायुष्याचं अक्षर, अर्धं झिजलेलं.
आमच्याकडे माणूस गेला की म्हणतात,
चमचा ठेवला त्याने.
हे ती बोलली नाही. मीही नाही.
ती पुसत राहिली.

मग एका वसाहतीच्या लिफ्टमध्ये चिठ्ठी लागली:
हरवलेले चमचे चौकीदाराकडे. ओळख पटवून न्यावेत.
आठवडाभर कोणी फिरकलं नाही.
खरकट्यातून आलेलं परत कसं मागायचं?

नवव्या दिवशी सहा नंबर इमारतीतले प्यो आजोबा आले.
खोक्यासमोर उकिडवे बसले.
एकेक चमचा उचलून हवेतलं सूप पिऊन पाहिलं.
पाऊण तास.
माझा नाही यात, म्हणाले.
पण हा हातात बसतो.
चौकीदाराने वहीत सही घेतली. नग: एक.

त्याच रात्री टाकी पुन्हा भरायला घेतली.
पहिला घास पातळ, भाताच्या पेजेसारखा.
पंप सुरू केला
आणि पाइपाच्या वळणात काहीतरी
खणखणत गेलं.
ओक-बुनने हातमोजा काढता काढता
मान वर केली.
दोनशे अकरा, म्हणाली.